समुद्र वर, जमीन खाली: शियामेनच्या जुन्या नकाशांचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

इतिहासात पीएचडी करणाऱ्या एका विद्यार्थिनीचं हे प्रकरण. तिचं नाव, विद्यापीठ आणि ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत. मी तिचा मार्गदर्शक नव्हतो. जुने नकाशे संगणकावर आजच्या नकाशाला जुळवून बसवायचं काम मला येतं, तेवढ्यापुरतं मला बोलावलं होतं. पुढे जे घोटाळे झाले त्यातला पहिला माझ्याच सल्ल्याने झाला, म्हणून हे लिहिणं माझ्याकडे आलं असावं.

तिचा विषय चीनच्या आग्नेय किनाऱ्याचं संरक्षण हा होता आणि तिच्या प्रबंधातलं एक प्रकरण फुजियान प्रांतातल्या शियामेन बंदरावर होतं. इंग्रजी कागदपत्रांत याच बंदराला अमॉय म्हणतात. जिउलोंग नदीच्या मुखाशी हे बेट आहे. समोर चिंचोळ्या खाडीपलीकडे गुलांगयू हे छोटं बेट, पूर्वेला मोठं जिनमेन, आणि दक्षिणेला उपसागराच्या तोंडाशी वूयू नावाचं अगदी लहानसं बेट. मिंग राजवटीने (1368-1644) 1394मध्ये शियामेनवर तटबंदी उभारली. तेव्हा त्या जागेला झोंगत्सुओसुओ म्हणत, म्हणजे ‘मधलं आणि डावं ठाणं’. योंगनिंगच्या मोठ्या लष्करी तळाची ही दोन ठाणी होती. असा तळ म्हणजे ‘वेइ’, कागदोपत्री 5,600 सैनिकांचा, आणि ठाणं म्हणजे ‘सुओ’, 1,120 सैनिकांचं. प्रत्यक्षात सोळाव्या शतकापर्यंत ही संख्या बरीच घसरली होती.

विद्यार्थिनी कोकणातली. किनाऱ्यावरचा किल्ला म्हटलं की तिच्या डोळ्यांपुढे सिंधुदुर्ग किंवा जंजिरा उभा राहायचा: पाण्यातला खडक, त्यावर तट, आत गोड्या पाण्याची विहीर, आडोशाला गलबतं. मिंगांची किनारी ठाणी या साच्यात बसत नाहीत. ती बहुतेक जमिनीवरची, तटाच्या आतली छोटी गावंच. सैनिकी पेशा वंशपरंपरेने चालवणारी कुटुंबं तिथे राहत आणि शेतीही करत. हा फरक तिला पुस्तकातून माहीत होता. नकाशा वाचताना मात्र जुना साचा परत परत डोकं वर काढायचा.

तिच्याकडे चार नकाशे होते. पहिला ‘चौहाय तूबियान’ या ग्रंथातला. समुद्री चाच्यांचे हल्ले ऐन भरात असताना, सेनापती हू त्सुंगश्येन यांच्या आश्रयाने झेंग रुओत्सेंग यांनी तो सिद्ध केला आणि 1562मध्ये तो छापला गेला. दुसरा, मिंगांनंतरच्या छिंग राजवटीच्या काळातला, किनाऱ्याचा लांबलचक गुंडाळीनकाशा. 1730च्या सुमारास चेन लुनजिओंग यांनी केलेल्या किनारी नकाशाच्या परंपरेतल्या अशा गुंडाळ्या आज अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेससारख्या संग्रहांत पाहायला मिळतात. तिसरा ‘शियामेन झी’ या स्थानिक गॅझेटियरमधला; झोउ काय यांनी तो 1832मध्ये तयार केला आणि 1839मध्ये तो छापून आला. चौथा 1840च्या दशकातला ब्रिटिश नौदलाचा सागरी नकाशा, रिचर्ड कॉलिन्सन यांच्या सर्वेक्षणावरचा.

प्रश्न साधा वाटत होता. 1394 ते 1841 या साडेचारशे वर्षांत बंदराचा पहारा कुठून कुठे सरकला? आणि 26 ऑगस्ट 1841 रोजी, ब्रिटन आणि चीन यांच्यातल्या पहिल्या अफू युद्धात, शियामेन एका दिवसात कसं पडलं?

अडचण

मी तिला म्हटलं, चारही नकाशे क्यूजीआयएस या नकाशांच्या सॉफ्टवेअरमध्ये टाक, प्रत्येकावर दहा-बारा खुणेचे बिंदू घे, आजच्या उपग्रह चित्रावर बसव आणि एकावर एक ठेवून बघ. सरकलेला पहारा आपोआप दिसेल.

ब्रिटिश नकाशा बऱ्यापैकी बसला. 1562च्या नकाशाचं मात्र हसं झालं. जिनमेन शियामेनच्या उलट्या बाजूला गेलं, ठाणी समुद्रात पडली. बिंदू वाढवले तसा कागद चुरगळल्यासारखा झाला, इतका की एका डोंगराने स्वतःभोवती गिरकी घेतली. जुळवणीत चूक किती, याचा आकडा संगणक दाखवत होता आणि तो किलोमीटरांत होता.

पहिली प्रतिक्रिया दोघांचीही तीच: त्या काळच्या लोकांना नकाशे काढता येत नसत. ती बोलून दाखवली नाही, पण तिने टिपणात ‘अचूकता कमी’ असं लिहून ठेवलं होतं. त्या दोन शब्दांमुळे पुढचे जवळपास दोन महिने वाया गेले.

दुसरा गोंधळ ब्रिटिश नकाशात निघाला. तो बसला तर होता, पण शहराच्या उत्तरेला आत शिरलेली एक मोठी खाडी त्यात दिसत होती आणि आजच्या चित्रात तिच्या जागी तळं आणि इमारती. किनाऱ्याजवळच्या बांधकामाच्या रेषा आज रस्त्यांच्या आत, जमिनीवर पडत होत्या. तिला वाटलं, आपलेच बिंदू चुकले.

तिसरा गोंधळ सगळ्यात महत्त्वाचा होता आणि तो आम्हाला सगळ्यात उशिरा कळला. मिंगांनी फुजियानच्या किनाऱ्यावर पाच आरमारी ठाणी ठेवली होती. त्यांना जलछावण्या म्हणता येईल. त्यातली एक ‘वूयूची जलछावणी’. तिने ती सरळ वूयू बेटावर ठिपका देऊन मांडली होती. तत्पूर्वी एकदा ती जिनमेनवरही मांडून झाली होती, कारण जिनमेनचं जुनं नाव वूझोउ आणि दोन्हींतलं पहिलं अक्षर एकच.

पुढे चार पर्याय

प्रकरण जमा करायला चार महिने उरले होते. तिच्यापुढे जे मार्ग होते ते तिने एका कागदावर लिहून आणले.

चिनी नकाशे ‘चित्रं’ म्हणून वापरायचे, मोजमाप फक्त ब्रिटिश नकाशावर करायचं. हा सगळ्यात सुरक्षित. परीक्षक काही बोलले नसते. पण मग 1840आधीच्या साडेचारशे वर्षांबद्दल जिंकणाऱ्याच्या कागदावरूनच बोलावं लागलं असतं.

आणखी बिंदू घेऊन चिनी नकाशा ताणत राहायचा. सॉफ्टवेअर हे आनंदाने करतं. पुरेसे बिंदू दिले तर कुठलाही कागद कुठल्याही जमिनीवर बसतो आणि चूक दाखवणारा आकडा शून्याकडे जातो. मला आज लाज वाटते, पण काही दिवस माझा कल इकडे होता.

शहरच बदलायचं आणि शांघाय घ्यायचं. हा मोह खरा होता. शांघायचा तट 1553मध्ये, याच चाच्यांच्या भीतीने, घाईघाईत उभारला गेला. 1912 ते 1914 या काळात तो पाडला आणि त्याच्या जागी गोलाकार रस्ता झाला. आजचे रेनमिन लू आणि झोंगहुआ लू हे रस्ते त्याच रेषेवरून फिरतात. उपग्रह चित्रात जुनं शहर अंड्यासारखं उठून दिसतं आणि जुने नकाशे त्यावर अलगद बसतात. काम चार आठवड्यांचं. पण तिचा प्रश्न बंदराच्या पहाऱ्याचा होता, तटाच्या रेषेचा नव्हता.

चौथा पर्याय तिने सगळ्यात खाली, प्रश्नचिन्हासह लिहिला होता: नकाशा ताणायचा नाही, वाचायचा. कोण कोणाच्या शेजारी आहे, कोण कोणाच्या आड आहे, नकाशाकार कुठे उभा आहे, याचा तक्ता करायचा.

निर्णय कुठे फिरला

चौथ्या पर्यायाकडे आम्ही शहाणपणाने गेलो असं म्हणणं खोटं होईल. झालं असं की तिने एका तैवानी अभ्यासकाला ईमेल करून विचारलं, ‘या नकाशात पूर्व-पश्चिम उलटी का आहे?’ उत्तरात एकच उलटा प्रश्न आला: नकाशांसोबतचा मजकूर वाचला का?

नव्हता वाचला. तिने ग्रंथाची फक्त नकाशांची पानं उतरवून घेतली होती.

झेंग रुओत्सेंग यांनी दिशेच्या प्रश्नावर स्वतःच लिहिलेलं आहे. किनाऱ्याचे नकाशे दोन तऱ्हांनी काढले जातात: समुद्र वर आणि जमीन खाली, किंवा उलट. त्यांनी पहिली तऱ्हा निवडली, कारण बघणारा आपल्या भूमीत उभा राहून बाहेर पाहतो. जवळचं खाली, लांबचं वर. शत्रू येणार तो वरून, कागदाच्या माथ्याकडून.

हे वाचल्यावर तिने तो कागद टेबलावर ठेवला आणि आग्नेयेकडे तोंड करून उभी राहिली. माझ्या खोलीत आग्नेयेला कपाट आहे, त्यामुळे प्रसंगाला फारसं गांभीर्य नव्हतं. पण फुजियानच्या किनाऱ्यावर आग्नेयेकडे तोंड केलं की उजव्या हाताला नैर्ऋत्य येते, म्हणजे ग्वांगदोंग, आणि डाव्या हाताला ईशान्य. ग्रंथातले किनाऱ्याचे नकाशे ग्वांगदोंगपासूनच सुरू होतात आणि उत्तरेला ल्याओदोंगकडे जातात. चिनी पुस्तक उजवीकडून डावीकडे वाचतात. म्हणजे पान उलटत जाल तसा किनारा ग्वांगदोंगहून फुजियान, झेजियांग असा वर सरकतो. जिनमेन शियामेनच्या डावीकडे असणं हे चूक नव्हतंच. ते तिथेच असायला हवं होतं.

याला जोडून एक कारकुनी चूक सापडली. लाकडी ठशांनी छापलेल्या चिनी पुस्तकाचं पान मध्ये दुमडलेलं असतं आणि नकाशा पानापानांवर पुढे चालू राहतो. तिने पानांच्या प्रतिमा जोडायला एक साधं सॉफ्टवेअर वापरलं होतं. त्याने पानं डावीकडून उजवीकडे जोडली. किनाऱ्याचे तुकडे उलट्या क्रमाने चिकटले आणि अशा कागदावर आम्ही दोन महिने बिंदू ठोकत होतो! चारशे साठ वर्षांपूर्वीच्या माणसाला दोष देऊन झाला होता, तो वेगळाच.

काय केलं

जुळवून बसवायचा तो फक्त ब्रिटिश नकाशा, असं ठरलं. तोही किनाऱ्याच्या रेषेवरून नाही. शियामेनचा किनारा शंभर वर्षांत ओळखू येणार नाही इतका बदललाय. 1920 आणि 30च्या दशकांत धक्क्यालगत भर घालून रस्ते झाले, जुना तटही त्याच काळात गेला. 1950च्या दशकात बेट बांधाने मुख्य भूमीला जोडलं गेलं. आणि ती उत्तरेची खाडी, युनदांग, तिच्या तोंडावर 1970च्या दशकाच्या सुरुवातीला बांध पडला आणि खाडीचं तळं झालं. म्हणजे नकाशा बरोबर होता, जमीन बदलली होती. मग बिंदू घेतले ते न हलणाऱ्या गोष्टींचे: डोंगरमाथे, समुद्रातले खडक, गुलांगयूवरचा उंच सूर्यप्रकाश खडक. बिंदू निम्म्यावर आले आणि चूकही कमी झाली.

दोन्ही जुन्या चिनी नकाशांसाठी तिने तक्ता केला. नाव, कशाच्या अलीकडे, कशाच्या पलीकडे, कोणतं चिन्ह, शेजारी काय लिहिलंय, आणि ग्रंथात त्याबद्दल काय आहे. छिंग गुंडाळीत जागोजागी बारीक अक्षरांत टिपा असतात, कुठल्या वाऱ्यात कुठे जहाज लावता येईल, कुठे उथळ आहे. त्या टिपा आम्ही आधी ‘सजावट’ समजून कापल्या होत्या. काही नावं 1562मध्ये आहेत आणि नंतरच्या नकाशात गायब. त्यातल्या काहींमागे 1661चा हुकूम असावा, असं तिने नोंदवलं. छिंगांशी लढणाऱ्या झेंग घराण्याच्या (नकाशाकार झेंग वेगळे) आरमाराला रसद मिळू नये म्हणून छिंग दरबाराने किनाऱ्यावरची वस्ती आत हलवली होती.

मग वूयू. तक्त्यातल्या एका ओळीत विसंगती दिसली. नाव वूयूचं, पण मजकूर शियामेनबद्दल बोलत होता. शोधल्यावर उलगडलं: ही जलछावणी मुळात वूयू बेटावर होती, उपसागराच्या तोंडाशी. मिंग काळाच्या मध्यावर ती आत शियामेनला हलवली गेली, आणि 1602मध्ये आणखी उत्तरेला शीहू इथे. नाव प्रत्येक वेळी तेच राहिलं. तेव्हाच्या अधिकाऱ्यांची तक्रार होती की पहारा आत ओढल्यामुळे बाहेरची बेटं मोकळी पडली. ती खोटी नव्हती. रिकाम्या वूयूवर 1550च्या दशकात चाच्यांनीच बस्तान मांडलं.

हा मला संपूर्ण प्रकरणातला सगळ्यात किमती शोध वाटतो. पहारा सरकला कुठे, हा तिचा मूळ प्रश्न, आणि त्याचं उत्तर एका नावात दडलं होतं. आम्ही मात्र ते अक्षांश-रेखांशांत शोधत होतो. ठिपका वूयू बेटावर ठेवला असता तर प्रकरणाचा निष्कर्ष बरोबर उलटा निघाला असता: 1562मध्ये तोंडावर आरमार उभं होतं!

1841चा दिवस

1841च्या लढाईत शियामेनच्या दक्षिण किनाऱ्यावर तोफा लावलेली एक प्रसिद्ध दगडी भिंत होती. ‘शियामेन झी’च्या नकाशात ती नाही. तिने मसुद्यात लिहिलं होतं की चिनी नकाशाकारांनी लष्करी बांधकाम लपवलं. वाक्य आकर्षक होतं, म्हणूनच मला शंका आली. ग्रंथ 1832चा, छपाई 1839ची. भिंत 1840-41मध्ये, युद्ध सुरू झाल्यावर उभारलेली. जी नव्हतीच ती कोण लपवणार? वाक्य काढलं.

भिंतीबद्दल आणखी एक समजूत बदलावी लागली. ती कच्ची होती म्हणून पडली, असं आम्ही दोघं धरून चाललो होतो. पण ब्रिटिशांच्या वेलस्ली आणि ब्लेनहाइम या दोन मोठ्या युद्धनौकांनी तिच्यावर तासन्‌तास मारा केला आणि भिंतीला फारसं काही झालं नाही. ती गेली ती बाजूने. सैन्य किनाऱ्यावर उतरलं, टोकाची आडवी भिंत ओलांडून आत शिरलं आणि मागून आलं. तोफांची तोंडं समुद्राकडे, पाठ उघडी. दोन महिन्यांच्या आत झोउशान बेटावरच्या दिंगहाय इथेही किनाऱ्यालगतच्या मातीच्या तटाबाबत असंच झालं.

इथे ब्रिटिश नकाशाने खरी मदत केली. त्यावर पाण्याची खोली वावांत (फॅदममध्ये) दिली आहे. मोठी जहाजं भिंतीसमोर कुठपर्यंत येऊ शकत होती, ते त्या आकड्यांवरून दिसतं. पण हा नकाशा लढाईनंतरचा आहे. 1841च्या ऑगस्टमध्ये ब्रिटिश सेनापतींना जे ठाऊक होतं त्याचा तो पुरावा होऊ शकत नाही. हा मुद्दा तिने स्वतः पकडला आणि तळटीप लिहिली. मला तो सुचला नव्हता.

जाता जाता: वेलस्ली ही नौका मुंबईच्या गोदीत 1815मध्ये सागवानात बांधलेली. हे युद्ध संपवणाऱ्या 1842च्या नानजिंग तहावर सह्या ज्या कॉर्नवॉलिसवर झाल्या तीही मुंबईचीच, 1813ची. आणि युद्धाच्या कितीतरी आधी, 1807पासून, दक्षिण चिनी किनाऱ्याचं सर्वेक्षण करणारे डॅनियल रॉस हे ईस्ट इंडिया कंपनीच्या बॉम्बे मरीन या आरमाराचे अधिकारी. विद्यार्थिनीला हे प्रस्तावनेत घालायचं होतं. मार्गदर्शकांनी ते एका तळटीपेत बसवलं. मला ते पटलं नाही, पण निर्णय माझा नव्हता.

निष्पत्ती

प्रकरण मुदतीत गेलं. त्यात जुळवून बसवलेला एकच नकाशा आहे आणि दोन लांब तक्ते. वूयूची जलछावणी तीन ठिकाणी, तीन काळांसह दाखवली आहे. शियामेनमधल्या तिच्या मुक्कामासाठी ठिपका न देता तिने तिरप्या रेघांचा पट्टा काढला.

एका परीक्षकांनी विचारलं, ‘इतके सुंदर जुने नकाशे हाताशी असताना एकमेकांवर ठेवून का दाखवले नाहीत?’ तिने फसलेला प्रयत्न, ती गिरकी घेणारी टेकडी, परिशिष्टात छापली होती. पान उघडून दाखवलं. दुसऱ्या परीक्षकांचा आक्षेप जास्त वजनदार होता: तक्ता करणारी व्यक्ती कुठलं ‘शेजारी’ मानते यावर निकाल बदलतो. त्यासाठी दुरुस्त्या सांगितल्या गेल्या. तिने तक्त्याच्या तीसेक ओळी दुसऱ्या वाचकाकडून स्वतंत्रपणे भरून घेतल्या आणि जिथे दोघांचं जुळलं नाही तिथे तसं नोंदवलं.

वेगळं काय करता आलं असतं

मजकूर आधी, नकाशा नंतर. हे आता कोणीही सांगेल. पण डिजिटल संग्रहात नकाशाच्या प्रतिमा वेगळ्या टांगलेल्या असतात, डोळ्यांना सुंदर दिसतात आणि पुस्तकाची बाकीची पानं उतरवायला वेळ लागतो, त्यामुळे घडतं उलटंच.

प्रत्येक नकाशापुढे तीन तारखा लिहायला हव्या होत्या: पाहणी केव्हाची, काढला केव्हा, छापला केव्हा. दगडी भिंतीची चूक पहिल्याच दिवशी टळली असती.

‘अचूकता कमी’ हे टिपण मी वाचलं होतं आणि खोडायला सांगितलं नव्हतं. एवढं विचारायला हवं होतं: कशासाठी कमी? किनाऱ्यावर उभ्या असलेल्या मिंग अधिकाऱ्याला शेजारचं ठाणं डावीकडे की उजवीकडे, मध्ये कुठली खाडी, मशाल कुठून दिसेल, एवढं कळायला तो नकाशा पुरेसा होता.

शांघायचा पर्याय आम्ही फार लवकर टाकला, असं मला अजूनही वाटतं. बदली म्हणून नाही, सराव म्हणून. जिथे तटाच्या जागी आज रस्ता आहे तिथे चार दिवस हात बसला असता, तर शियामेनमध्ये आमची चूक कुठली आणि कागदाचा स्वभाव कुठला हे लवकर ओळखता आलं असतं. ती याच्याशी सहमत नाही. तिचं म्हणणं, सोपा नकाशा आधी बसला असता तर अवघड नकाशाला मी आणखी दोन महिने ताणत बसले असते.

डावीकडून जोडलेली ती फाइल तिने पुसलेली नाही. नव्या मुलांना क्यूजीआयएस शिकवताना ती पहिल्या तासाला तीच उघडून देते आणि जिनमेन शोधायला सांगते.